ज्वारीच्या मुळांतले जंत

माझं पोट जंतांवर चालतं. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. सकाळी डब्या येतात, त्यांतला नमुना काचेवर घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि काय वळवळतंय ते लिहून द्यायचं. ऐकूनच लोकांना मळमळतं. माझ्या जाऊबाई तर मी कणीक मळायला बसले की माझ्या हातांकडे बघत बसतात, जणू आत्ताच परातीत काहीतरी टपकन पडणार आहे. मला मात्र आजवर कधी किळस आली नाही आणि भीती तर नाहीच. माणसाच्या पोटातल्या जंताला औषध आहे. गोळी घ्या, मोकळे व्हा.

जंतांनी मला घाबरवलं ते गेल्या वर्षी, आणि तेही माणसाच्या पोटातल्या नव्हे, ज्वारीच्या मुळांतल्या.

माझं माहेर सोलापूरच्या दक्षिणेला, कुंभारीच्याही पुढे, अक्कलकोटच्या अंगाला. वडील गेल्यापासून रान दादा बघतो. आई त्याच्यापाशीच असते. गेल्या वर्षी भाऊबीजेला गेले, ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "चल, रानाकडं जाऊन यू. तुला एक दाखवायचं हाय." दादा स्वतःहून कधी रान दाखवायला नेत नाही. त्याच्या मते शहरात राहणाऱ्या बहिणीला रानातलं फक्त हुरड्यापुरतं कळतं. त्यामुळे मी लगेच चपला घातल्या.

ज्वारी गुडघ्याला आली होती. काळीभोर जमीन, त्यावर ती हिरवी, गर्द, रेषेत उभी. फक्त ओढ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात एक गोल डाग होता. तिथली धाटं निम्म्याच उंचीची, पिवळी, पानं सुरळी झालेली. सकाळचं ऊनही अजून चढलं नव्हतं आणि तिथली ज्वारी तहानेनं माना टाकून उभी होती. मी वाकून माती हातात घेतली. माती ओली होती. आमच्याकडची रब्बीची ज्वारी पावसाळ्यानं जमिनीत साठवून ठेवलेल्या ओलीवर जगते, वरून पाणी कुणी देत नाही. ओल पायाखाली आहे आणि पीक तहानलंय, हे काही माझ्या डोक्यात बसेना.

"गेल्या साली एवढंसंच हुतं, सुपाएवढं," दादा म्हणाला. "तवा कणसं बी धरली, पर निस्ती पोचट. दाणाच न्हाय. म्हणून औंदा युरिया जास्त टाकला. काय बी फरक न्हाय."

त्यानं एक धाट धरून ओढलं. ज्वारीचं धाट उपटायला ताकद लागते, जमीन सोडताना ते आवाज करतं. हे हातात अलगद आलं. मुळं आखूड, त्यांवर तपकिरी चट्टे, काही जागी नुसती काळी पडलेली. निरोगी ज्वारीची मुळं पांढरी, दाट, झुपकेदार असतात. दादानं शेजारचं चांगलं धाट उपटून माझ्या दुसऱ्या हातात दिलं, तेव्हा तो फरक मला डॉक्टरांनी सांगावा तसा कळला.

गावात निदानं काय कमी होती? कुणी खताचा कमीपणा सांगितला, कुणी मुळं कुरतडणारी हुमणी अळी सांगितली. आईचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्या कोपऱ्याला नजर लागली होती. आईच्या हिशेबानं जगातले निम्मे आजार नजरेनं होतात आणि उरलेले चहा जास्त प्यायल्यानं.

मी ती मुळं मातीसकट पिशवीत घालून सोलापूरला आणली. लॅबच्या डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला ज्वारीसकट बाहेर काढलं असतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत काम केलं. मुळं धुतली, बारीक तुकडे करून बशीत पाण्यात ठेवली, बशी झाकून कपाटामागे सारली. दुसऱ्या दिवशी त्यातलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं आणि डोळा लावला.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग एक पारदर्शक धागा हलला. मग दुसरा. मग मी भिंग नीट बसवलं आणि दिसलं, की सगळं पाणीच हलतंय. आवाज नाही, घाई नाही, सावकाश वळायचं आणि सरळ व्हायचं, वळायचं आणि सरळ व्हायचं. मुळाच्या एका पातळ तुकड्याच्या आतही ते होते. पेशींच्या भिंती फोडून आत गेलेले, मागे तपकिरी मेलेली वाट ठेवून पुढे चाललेले. मी मान वर केली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. एका थेंबात इतके. मग त्या कोपऱ्यात किती?

कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापक बाईंकडे नमुना घेऊन गेले. माझ्या बोलण्यावर विसंबून न राहता त्यांनी स्वतः तपासलं आणि मग मला समोर बसवून सांगितलं. हे सूत्रकृमी. मुळात शिरतात, आतून खात फिरतात, तिथेच अंडी घालतात. मूळ सडलं की बाहेर पडून शेजारचं मूळ धरतात. झाड मरत नाही, उपाशी राहतं. खालची ओल त्याला ओढता येत नाही, घातलेलं खत घेता येत नाही. कणीस येतं पण दाणा भरत नाही. या जातीच्या किड्यांना गहू, मका, ज्वारी, हरभरा, सगळं चालतं.

"गोळी नाही का काही?" मी विचारलं.

त्या हसल्या. "दाणेदार विष मिळतं. पण तुमच्या ज्वारीत हरभऱ्याच्या ओळी आहेत म्हणालात ना? त्याची भाजी तुम्ही खुडून खाणार. ते विष मी तुम्हाला सांगणार नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते सगळं चिकाटीचं काम होतं. तिथे एक-दोन हंगाम ज्वारी नको, गहू नको, हरभराही नको. झेंडू लावा. निंबोळी पेंड घाला. उन्हाळ्यात खोल नांगरून माती तापू द्या. मी उठले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. हे किडे स्वतःहून फार लांब जात नाहीत. त्यांना आपणच नेतो. कुळवाला चिकटलेल्या मातीतून, पायांना लागलेल्या चिखलातून."

मी घरी आले आणि आधी भाऊबीजेला घातलेल्या चपला शोधल्या. नळाखाली धरून ब्रशनं घासल्या. मग ज्या पिशवीतून माती आणली ती उकळत्या पाण्यात टाकली. नवरा दारात उभा राहून बघत होता. "अगं, ते ज्वारीचे आहेत. तुला चावणार नाहीत," तो म्हणाला. त्याला चेष्टा सुचत होती. मला डोळ्यांसमोर दादाचा कुळव दिसत होता, त्या कोपऱ्यातून वळून बाकीच्या रानात शिरणारा. सुपाएवढा डाग एका वर्षात खळ्याएवढा कसा झाला, ते आता मला कळलं होतं. आणखी एक-दोन वर्षांत तो बांधापर्यंत जाईल. मग दादा काय करेल? त्याच्याकडे दुसरं रान नाही, दुसरं काम त्याला येत नाही. चाळिशी उलटल्यावर तो एमआयडीसीत कुणाच्या दारात उभा राहणार?

मी त्याला फोन केला. त्या कोपऱ्यात औत घालू नको, घातलंस तर धुऊन बाहेर काढ, तिथून चिखलाच्या पायानं बाकीच्या रानात जाऊ नको. तो सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "आईला कसं सांगू? किडं दिसत न्हाईत म्हनल्यावर ती मानत न्हाय." मी म्हटलं, आईला मी आल्यावर सांगते. काय घाई आहे?

त्यानंतर मी गेले ती येळवसेला.

आमच्या सीमेकडच्या गावांत मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं. गावात कुत्रंही राहत नाही म्हणतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून बसवायचे, आंबील, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा. मग कुणीतरी आंबिलीचं मडकं घेतं आणि सगळे त्याच्यामागून अनवाणी, उभ्या पिकातून, रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फिरतात. त्यानंतर पंगत. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

आमची कोप नेहमी बोरीच्या झाडाखाली असते. मी गाडीरस्त्यानं उतरून आले, तर बोरीखाली कुणीच नाही. आवाज येत होते ओढ्याकडून. मी वळून बघितलं. कोप त्या कोपऱ्यात होती. पिवळी ज्वारी उपटून जागा मोकळी केली होती, दादानं आदल्या दिवशी पाणी मारून जमीन थापली होती, आणि त्या ओल्या काळ्या मातीवर आमची भावकी, शेजारपाजार, झाडून सगळे अनवाणी हिंडत होते. प्रत्येकाच्या टाचेला, बोटांच्या बेचक्यांत चिखल. थोड्या वेळानं हेच पाय सगळ्या रानातून फिरणार होते.

मी दादाला बांधाआड ओढलं. माझा आवाज चढला होता. "मी काय सांगितलं होतं तुला?"

"समदं ध्यानात हाय माज्या," तो खाली बघत म्हणाला. "पर आई ऐकंना. म्हनली, कोप हितंच करायची, न्हायतर मी येळवसेला येत न्हाय. आता तूच सांग तिला."

आई कोपीपुढे पानं मांडत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि हळू आवाजात सांगायला लागले. मातीत बारीक किडे आहेत, मी स्वतः बघितलेत, पायाला लागून सगळीकडे जातील. तिनं ऐकून घेतलं. माझ्या शिक्षणाचा तिला अभिमान आहे, त्यामुळे ती मला मधेच तोडत नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "आजारी मानसाजवळ जाऊन बसावं लागतंय गं. लांबनं कोन बरं झालंय?"

कोप हलवा म्हणायची सोय नव्हती. बसवलेले देव नैवेद्याआधी उठवले तर आईनं वर्षभर त्याचाच घोर लावून घेतला असता आणि जमलेल्या लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. इकडे पूजा सुरू झालीसुद्धा. मला समोर माणसं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. भेगाळलेले, जोडव्यांचे, पैंजणांचे, आणि प्रत्येकाला चिकटलेली ती माती. ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडून कुणाला काही दिसणार नव्हतं.

वहिनी पिण्याच्या पाण्याची टिपाडं बैलगाडीतून उतरवून घेत होती. मी एक टिपाड डागाच्या कडेला, जिथून फेरी निघायची तिथे ठेवायला लावलं. पुढे कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या. पदर खोचला, तांब्या घेतला आणि मडकं उचललेल्या चुलत्यांना म्हणाले, "काका, थांबा. पाय धुते."

ते गोंधळले. "आगं, माहेरवाशीण तू. तू कशाला पाय धुतीस?"

"यंदा नवस आहे माझा," मी म्हटलं. माझ्या तोंडून नवस हा शब्द ऐकून दादानं चमकून बघितलं. पण नवसाला आमच्याकडे कुणी का म्हणून विचारत नाही. काकांनी पाय पुढे केला.

मी धुवायला लागले. नुसतं पाणी ओतून काळी माती सुटत नाही. बोटांच्या मधून बोट फिरवून काढावी लागते, टाचेच्या भेगांतून काडीनं उकरावी लागते. पाणी डागातच परत जाईल असा उतार मी पायानं करून घेतला होता. धुतलेला पाय थेट कडब्यावर ठेवायला लावायचे. लोकांना गंमत वाटायला लागली. "आक्का, औंदा लई पुन्य बांधून न्हेतीस की," एकजण म्हणाला. बायका पैंजण सावरत, हसत पाय पुढे करत होत्या. शेजारच्या रानातली एक म्हातारी पाय धुताना एकदम रडायला लागली. तिची सून नांदत नव्हती, कितीतरी वर्षांत तिच्या पायाला कुणी हात लावला नव्हता. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून भरपूर आशीर्वाद दिले आणि मी खाली मान घालून तिच्या अंगठ्याच्या नखातली माती काढत राहिले. मला त्या क्षणी आशीर्वाद नको होते, मला आणखी एक तांब्या पाणी हवं होतं.

एकेक करून सगळे कडब्यावर गेले. माझी कंबर मोडली होती. वाटलं, जमलं. जेवणानंतर सगळ्यांना गाडीरस्त्यानं काढून देऊ, रानातून जाऊ देणार नाही. उद्यापासून दादा आणि मी हा कोपरा ताब्यात घेऊ.

शेवटी आई राहिली. तिच्यापुढे तांब्या धरला तर तिनं पाय मागे घेतला.

"माजं नको धू."

"का गं? सगळ्यांचे धुतले."

"माजी फेरी सकाळीच झाली." ती माझ्याशेजारी खाली बसली, आणि शेजारणींना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी बोलली. "घरातलं कुनी उठायच्या आधी आले हुते. हितली माती पदरात घितली आनि ह्यो कोपरा सोडून बाकीच्या तिन्ही कोपऱ्याला घालून आले. मूठमूठ न्हाय, चांगली वंजळ भरून. आनि तिकडची चांगली माती आनून हितं टाकली. दुखनं एकट्यानं सोसलं की मानूस संपतंय. वाटून घितलं की हलकं हुतंय. रानाचं काय येगळं असतंय?"

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी एक निवांतपणा होता. आपल्या घरावरचं संकट आपण निस्तरलं, असा. मला तिला सांगता आलं असतं. मी तिचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि धुतला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

फेरीत मी तिच्या मागोमाग चालले. प्रत्येक कोपऱ्याशी ती थांबायची, डोळ्यांनी मला जागा दाखवायची, नमस्कार करायची. मी नमस्कार करत नव्हते, जागा ध्यानात ठेवत होते. दुसऱ्या दिवशी तिला देवळात पाठवून दादानं आणि मी तिन्ही जागांची माती खोल खणून पाट्यांतून आजारी कोपऱ्यात परत आणली, खोरं आणि पाट्या तिथेच धुतल्या. शेवटची पाटी रिकामी करताना दादा म्हणाला, "समदी निघाली असंल का?" मी म्हटलं, बघू. एका थेंबात किती होते ते मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात तो कोपरा नांगरून तापवला. निंबोळी पेंड घातली, पावसाळ्यात झेंडू लावला. झेंडू असा फुलला की आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायला न्यायची. बघा, म्हणायची, कसं हसायला लागलं.

यंदा भाऊबीजेला गेले तेव्हा ओवाळायच्या आधीच दादा आणि मी रानात गेलो. आई मागून आली आणि बांधावर बसली. ज्वारी गुडघ्याला होती. बोरीकडचा कोपरा हिरवा होता. रस्त्याकडचा हिरवा होता. तिसऱ्या, बुजलेल्या विहिरीच्या कोपऱ्याशी आम्ही दोघंही थांबलो. तिथल्या परातीएवढ्या जागेतली ज्वारी बाकीच्या ज्वारीपेक्षा वीतभर बुटकी होती, आणि सकाळची वेळ असूनही तिची पानं सुरळी झाली होती. दादानं वाकून एक धाट धरलं. ते अलगद हातात आलं.

"कसं हाय रं तिकडं?" आईनं बांधावरून विचारलं.

दादानं मुळं धोतराच्या सोग्यात लपवली. "चांगलं हाय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता खोरं आणायला गेला.